पडदा बसला, तरी ऐकू का येत नाही? कानातल्या हाडांच्या साखळीच्या ऑपरेशनबद्दल

ताई, नमस्कार.

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमचं वय ३९, मुलुंडला शाळेत शिकवता. उजवा कान लहानपणापासून वाहायचा. सहा वर्षांपूर्वी पडद्याचं ऑपरेशन झालं. पडदा बसला, वाहणं थांबलं, पण ऐकण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही. आता दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं आहे की आतल्या हाडांची साखळी तुटलेली दिसते, कान पुन्हा उघडून टायटॅनियमचं हाड बसवावं लागेल. डावा कान चांगला आहे. तुम्ही विचारलंय की हे पहिल्याच वेळी का झालं नाही, आता केलं तर पूर्वीसारखं ऐकू येईल का, चेहरा वाकडा होतो म्हणतात ते खरं का, आणि त्यापेक्षा मशीन लावलेलं बरं का.

ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा, फोटो पाठवलात ते उत्तम केलंत. निम्मं उत्तर त्या कागदावरच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

त्यावर प्रत्येक कानाच्या दोन रेषा असतात. एक हेडफोन लावून घेतलेली, म्हणजे हवेतून येणाऱ्या आवाजाची. दुसरी कानामागच्या हाडावर कंपन देणारं बटण ठेवून घेतलेली. ही दुसरी रेषा बाहेरचा आणि मधला कान वगळून थेट आतल्या कानाची, म्हणजे नसेची ताकद दाखवते. आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. तुमच्या उजव्या कानाची हवेची सरासरी ५५ डेसिबल आहे आणि हाडाची १५. डाव्या कानाची हवेची सरासरी १५ आहे. म्हणजे तुमची नस शाबूत आहे. आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि वाटेत ४० डेसिबल हरवतात. मधल्या कानाच्या कुठल्याही ऑपरेशनने मिळवायचं ते या ४० मधूनच. हाडाची रेषाच ५०-६० वर गेलेली असती तर तुम्हाला वेगळं उत्तर दिलं असतं.

पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहिलंय, की लोकलच्या गर्दीत तुम्हाला बाकीच्यांपेक्षा बरं ऐकू येतं आणि घरी शांततेत मात्र कमी. त्याकडे माझं लक्ष गेलं. गाडीच्या खडखडाटात शेजारी बसलेली बाई आपोआप मोठ्याने बोलते. अशा कानात खडखडाट कमी शिरतो आणि तिचा चढलेला आवाज नीट पोचतो. नस कमजोर असलेल्या माणसाचं बरोबर उलटं होतं, गोंगाटात त्याला काहीच उमगत नाही. तुमचा डावा कान चांगला असल्याने ही खूण पक्की धरता येत नाही, भरवसा ऑडिओग्रामवरच ठेवायचा.

आता पडदा बसूनही ऐकू का आलं नाही ते पाहू. आतल्या कानात पाणी असतं. हवेतून आलेला आवाज थेट पाण्यावर आदळला तर जवळजवळ सगळाच परत फिरतो, ३० डेसिबलच्या आसपास नुकसान होतं. ते भरून काढायला मधला कान आहे. पडद्याचं कंप पावणारं क्षेत्रफळ साधारण ५५ चौरस मिलिमीटर, आणि शेवटचं हाड ज्या खिडकीत बसतं ती जेमतेम ३.२. म्हणजे सतरापट मोठ्या जागेवर गोळा झालेला जोर एका इवल्या जागेवर पडतो. बोटाच्या साध्या दाबाने टाचणी लाकडात शिरते ती याच कारणाने. हातोडी आणि ऐरण या दोन हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी १.३ पटीची भर पडते. सगळं मिळून दाब बावीसपट होतो, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर हरवणारा आवाज बहुतांशी परत मिळतो. पण यासाठी हातोडी, ऐरण आणि रिकीब (खिडकीत बसणारं ते शेवटचं हाड) ही तिन्ही हाडं एकमेकांना जोडलेली हवीत, हलती हवीत, आणि त्यांच्याभोवती पाणी किंवा पू नको, हवा हवी. पडदा या यंत्रणेचा पहिला भाग आहे. तो बसला म्हणजे कान सुरक्षित झाला, पाण्याची भीती बरीच गेली, वाहणं थांबलं. ऐकू येणं ही त्यापुढची वेगळी गोष्ट आहे. आमच्याकडे ऑपरेशनआधी हे दोन हेतू रुग्णाला वेगवेगळे करून सांगितले जात नाहीत, आणि मग पडदा उत्तम बसलेला असूनही माणूस निराश होऊन बसतो. याची मला खरोखर खंत वाटते.

वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात सगळ्यात आधी झिजतो तो ऐरणीचा लांब पाय, रिकिबीला जोडणारा. त्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी तो झिजलेला दिसला असेल आणि डॉक्टरांनी मुद्दाम थांबायचं ठरवलं असेल, तर ते चूक म्हणता येणार नाही. आतलं अस्तर सुजलेलं असेल, कान ओला असेल, तर आधी कोरडा आणि बंद कान मिळवायचा आणि सहा महिने-वर्षभराने साखळी जोडायची, ही मान्य पद्धत आहे. पडदा नंतर आत ओढला जाऊन त्याच्या दाबाने पाय झिजला, असंही होतं. खरं काय ते जुन्या ऑपरेशनच्या नोंदीतच सापडेल. ती मिळवाच. डिस्चार्ज कार्डवर एवढंच लिहिलेलं असतं की ऑपरेशन झालं. आपल्याला हवी ती ऑपरेशन नोट, ज्यात कुठलं हाड कसं दिसलं ते लिहिलेलं असतं.

तुमच्या डॉक्टरांचं निदान बरोबर असू शकतं, पण एक आकडा मला थोडा खटकतो. पडदा अखंड आहे आणि त्यामागे साखळी पूर्ण तुटलेली आहे, अशा वेळी दोन रेषांतली तफावत सहसा ५० ते ६० असते. अखंड पडदा अशा वेळी आवाज अडवायचंच काम करतो. तुमची ४० आहे. याचे दोन-तीन अर्थ निघतात. ऐरणीच्या पायाच्या जागी मऊ तंतूंचा धागा तयार झाला असेल आणि थोडाफार आवाज त्यातून जात असेल. पडदाच रिकिबीच्या डोक्याला जाऊन चिकटला असेल, तसं झालं की कधीकधी बऱ्यापैकी ऐकू येतं. किंवा साखळी तुटलेली नसेलच, जुन्या जंतुसंसर्गाने साचलेल्या चुन्यात हाडं जखडली असतील. शेवटची शक्यता आधीच तपासायला हवी, कारण रिकीबच जखडलेली असेल तर तिच्यावर टायटॅनियम उभं करून काही उपयोग नाही. म्हणून ऑपरेशनआधी दोन तपासण्या मागा. एक टिम्पॅनोमेट्री, ज्यात कानातल्या हवेचा दाब बदलून पडदा किती सैल किंवा ताठ आहे ते कळतं. साखळी सुटलेली असेल तर आलेख उंच जातो, जखडलेली असेल तर बुटका राहतो. पडद्यावर जुनं कलम, म्हणजे ऑपरेशनमध्ये लावलेला तुकडा, आहे म्हणून हा आलेख थोडा सांभाळून वाचावा लागतो, पण तो घ्यायलाच हवा. दुसरी, कानाच्या हाडाचा बारीक कापांचा सीटी स्कॅन. दोन्हींत मिळून चित्र बरंच उघडं होतं, पूर्ण मात्र कान उघडल्यावरच कळतं. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘आत वेगळं काही निघालं तर तुम्ही काय कराल?’ ज्यांनी हे काम खूप केलंय त्यांच्याकडे याचं उत्तर तयार असतं.

किती ऐकू येईल, हा खरा प्रश्न. रिकीब शाबूत आणि हलती असेल तर पडद्यापासून तिच्या डोक्यापर्यंतचं छोटं टायटॅनियम लागतं, ज्याला अर्धवट कृत्रिम हाड म्हणतात. रिकिबीची कमान गेलेली असेल आणि फक्त खिडकीत बसणारी तळपाटी उरली असेल तर पूर्ण लांबीचं लागतं. पहिल्या प्रकारात साधारण दोन तृतीयांश रुग्णांची तफावत २० डेसिबलच्या आत येते. दुसऱ्यात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरतं. २० च्या आत आलं की आम्ही ऑपरेशन यशस्वी धरतो. पण तुम्हाला ते यशस्वी वाटेल का, याचं गणित निराळं आहे. बेलफास्टच्या सर्जननी १९८५ मध्ये एक निकष मांडला, तो मी आजही प्रत्येक रुग्णाला लावून बघते. ऑपरेशन झालेल्या कानाची हवेची रेषा ३० डेसिबलच्या आत आली, किंवा दोन्ही कानांत १५ पेक्षा कमी फरक उरला, तरच रुग्णाला रोजच्या जगण्यात फायदा जाणवतो. तुमच्या हाडाच्या रेषेचे १५ आणि उरलेली तफावत, समजा, १५ ते २०. म्हणजे तुम्ही ३० ते ३५ वर पोचाल. अगदी काठावर. चांगलं जमलं तर वर्गात उजव्या बाजूने हाक मारणारं पोर कळेल, आवाज कुठून आला ते समजायला लागेल. बेताचं जमलं तर ऑडिओग्रामवर २० डेसिबलची सुधारणा दिसेल आणि तुम्ही म्हणाल, ‘डॉक्टर, फार काही वाटत नाही.’ दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. लहानपणी होतं तसं ऐकू येईल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सावध राहा.

टेबलावर नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. कानाच्या नळीतली कातडी उचलून पडदा अर्धा उलटा करतो आणि सूक्ष्मदर्शकातून मधला कान उघडा दिसतो. पहिलं काम, अतिशय बारीक सुईने रिकीब अलगद हलवून बघायची. ती हलली की खालच्या गोल खिडकीजवळ साचलेल्या द्रवाच्या थेंबावरचा प्रकाश किंचित लुकलुकतो. तो लुकलुकला की जीव भांड्यात पडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं राहणार असतं. मग पडद्यापासून रिकिबीपर्यंतचं अंतर मोजायचं. इथे पाव मिलिमीटरला किंमत आहे. हाड लांब झालं तर पडद्याला टोचत राहतं आणि महिन्यांनी बाहेर ढकललं जातं, आखूड झालं तर पुरेसा दाबच बसत नाही आणि एखाद्या जोरदार शिंकेत सरकतं. टायटॅनियमची चकती थेट पडद्याला लावत नाहीत. कानाच्या भोकासमोरच्या कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ काप काढून मध्ये ठेवतात, म्हणजे धातू पडद्यातून बाहेर येत नाही. ऐरण बऱ्यापैकी उरलेली असेल तर तीच कोरून, आकार देऊन बसवण्याचा जुना मार्गही आहे, आणि तो आजही उत्तम चालतो. स्वतःच्या हाडाला शरीर नाकारत नाही आणि त्याला पैसेही पडत नाहीत. कोलेस्टेटोमा, म्हणजे हाड कुरतडणाऱ्या कातडीचा रोग, त्या कानात होता असं नोंदीत निघालं तर मात्र ती ऐरण परत वापरू नये, कातडीच्या पेशी तिच्यावर शिल्लक असू शकतात.

या शस्त्रक्रियेचं वय ७० वर्षांच्या आसपास आहे. त्याआधी मास्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, ऑपरेशनं व्हायची ती जीव वाचवायला, ऐकण्याचा विचार मागे पडायचा. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत वुलस्टाइन आणि झॉल्नर यांनी मधला कान पुन्हा बांधायची पद्धतशीर मांडणी केली. १९५३ मध्ये झाइस या जर्मन कंपनीचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आला आणि हात स्थिरावले. सुरुवातीला पडद्यासाठी कातडी वापरत, ती सोलवटायची, बिघडायची. त्या दशकाच्या अखेरीस कानावरच्या चघळायच्या स्नायूचं पातळ आवरण वापरायला लागले. तुमच्या पहिल्या ऑपरेशनमध्येही बहुधा तेच वापरलं असणार, कानाच्या वर केसांत व्रण असेल तर नक्कीच. प्लास्टिकची हाडं बरीच वर्षं करून पाहिली, त्यांतली अनेक बाहेर पडली. टायटॅनियम १९९०च्या दशकात रुळलं. ते हलकं आहे, शरीराला मानवतं, आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर अडचण येत नाही. तरीही कुठलं हाड बसवलं त्याचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या.

आता ज्याबद्दल मी सगळ्यात हट्टी आहे ते. पावसाळ्यात कान जड होतो, दडा बसतो, असं तुम्ही लिहिलंय. नाकाच्या मागून कानात जाणारी नळी मधल्या कानाला हवा पुरवते. ती नीट उघडत नसेल तर आत दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो, आणि जगातलं सर्वोत्तम टायटॅनियम आणि सर्वोत्तम हात असले तरी साखळी टिकत नाही. हाड बसवण्याचं कौशल्य आणि बसवल्यावर कानात हवा राहणं, यांत दुसऱ्यावर निकाल जास्त अवलंबून असतो असं माझं मत आहे. त्यामुळे दुर्बिणीने नाकाची मागची बाजू तपासून घ्या. ॲलर्जी असेल तर नाकातला फवारा नियमित सुरू करा, आणि तो दोन दिवसांत सोडू नका. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ते थांबायला हवं. नाक दाबून, तोंड मिटून हलकेच हवा कानाकडे ढकलल्यावर पडदा बाहेर येताना दिसतो का, हे डॉक्टरांना दुर्बिणीतून पाहायला सांगा. पडदा जागेवर आहे, हलतोय, कान कोरडा आहे, एवढं असलं तर मला ऑपरेशनची काळजी वाटत नाही. पडदा आत चिकटलेला असेल तर मी आधी तो प्रश्न सोडवेन, किंवा कूर्चा लावून पडदाच भक्कम करेन.

धोक्यांबद्दल. चेहऱ्याची नस रिकिबीच्या अगदी वरून जाते, आणि काही जणांत तिच्यावरचं हाडाचं आवरण जन्मतःच उघडं असतं, म्हणून तुमची भीती अनाठायी नाही. पण अनुभवी हातात नसेला कायमची इजा होणं फार दुर्मीळ आहे. सीटीत तिची वाट आधी बघून ठेवता येते. जास्त वेळा होणारी गोष्ट म्हणजे जिभेच्या त्या बाजूची चव बदलणं. चवीची बारीक नस हातोडी आणि ऐरणीच्या मधूनच जाते, ती ताणली गेली की काही आठवडे, क्वचित काही महिने तोंडात धातूची चव येते. चक्कर दोन-तीन दिवस येऊ शकते. थोड्या रुग्णांत आतला कान दुखावून ऐकणं आहे त्यापेक्षा कमी होतं, क्वचित पार जातं. हे वाचायला कठीण आहे, पण सही करण्याआधी वाचायलाच हवं. तुमचा डावा कान उत्तम आहे म्हणून हा धोका पत्करण्याजोगा आहे. ज्यांचा एकच कान चालतो त्यांच्या त्या कानावर केवळ ऐकू यावं म्हणून मी सुरी लावत नाही.

मशीनचं म्हणाल तर, शाबूत नस असलेल्या कानाला श्रवणयंत्र फार छान मानवतं. आवाज फक्त मोठा करून द्यायचा असतो, शब्द उमगायची अडचण नसते. तुमचा कान कोरडा असल्याने यंत्राचा कानात बसणारा साचाही लावता येईल. माझा तुम्हाला आग्रह आहे की ऑपरेशन ठरवण्याआधी काही आठवडे यंत्र लावून वर्गात उभं राहून बघा. दोन्ही कानांनी ऐकणं काय असतं ते कळेल, आणि तेवढ्यासाठी ऑपरेशन करावंसं वाटतं का हेही. यंत्राचं काय, नाही जमलं तर काढून ठेवता येतं. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ऐकण्याची सविस्तर तपासणी होते, यंत्राची चाचणीही होते. ऑपरेशन पालिकेच्या केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत किंवा जेजेत करून घेता येईल. तिथे कानाचं काम रोजचं आहे, तारीख मिळायला मात्र वाट पाहावी लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा. दुर्बिणीतून, कानामागे न कापता करतो अशा जाहिराती दिसतील. पद्धत चांगली आहे आणि बऱ्याच कानांत पुरते, पण व्रण कुठे येतो यापेक्षा रिकिबीवर हाड किती अचूक बसतं ते बघा.

ऑपरेशन केलंत तर पहिले दोन आठवडे शिंक तोंड उघडून द्यायची, नाक जोरात शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही. गर्दीच्या वेळची लोकल पहिला आठवडाभर टाळा, एखाद्याचं कोपर कानावर बसायला वेळ लागत नाही. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवा. कोमट तेल, लसूण, इअरबड यांतलं काहीही नाही, आजीने कितीही मायेने सांगितलं तरी. विमान प्रवास साधारण सहा आठवडे नको. ऑपरेशनच्या वेळी आत ठेवलेला विरघळणारा स्पंज जायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर कान दडल्यासारखा राहील, त्यावरून निकाल ठरवू नका. ऐकण्याची पहिली खरी तपासणी तीन महिन्यांनी आणि दुसरी वर्षाने, कारण काही हाडं पहिल्या वर्षातच सरकतात. चेहऱ्याची बाजू ढिली वाटली, जोराची चक्कर येऊन ऐकणं अचानक कमी झालं, किंवा ताप येऊन कानातून पू आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

तुमच्या जागी मी असते तर या पावसाळ्यात नाकाची ॲलर्जी आटोक्यात आणली असती, यंत्र लावून पाहिलं असतं, सीटी आणि टिम्पॅनोमेट्री करून घेतली असती, आणि ऑपरेशन करायचंच ठरलं तर दिवाळीच्या सुट्टीत. तेव्हा हवा कोरडी असते आणि शाळेचं नुकसान कमी होतं. जुनी ऑपरेशन नोट हाती आली की तिच्यात रिकिबीबद्दल काय लिहिलंय ते कळवा, त्यावरून छोटं हाड लागेल की पूर्ण लांबीचं, ते बरंचसं सांगता येईल.